गुडघा, श्वास आणि आठ हालचाली : छीगोंगविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या छीगोंगच्या छोट्या परिचयानंतर बरीच पत्रं आली. एकच शंका अनेकांनी विचारली होती, तिथे आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. आजार, औषधं आणि दुखणी यांचा उल्लेख असलेल्या पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण चूक झाली तर नुकसान तिथेच होतं.

प्रश्न : छीगोंग म्हणजे नेमकं काय? ताई ची आणि छीगोंग एकच का? इतके प्रकार दिसतात की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

'छी' या चिनी शब्दात श्वास, हवा, वाफ आणि जिवंतपणाची शक्ती असे अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. 'गोंग' म्हणजे बराच काळ मेहनत करून कमावलेलं कसब. या अभ्यासात देह, श्वास आणि मन या तिन्हींना एकाच वेळी वळण लावायचं असतं. नुसते हात वरखाली केले तर तो हलका व्यायाम होतो. लक्ष आणि श्वास त्याच हालचालीला जोडले की ते छीगोंग होतं.

हालचाली जुन्या आहेत, नाव मात्र त्या मानाने नवं आहे. हूनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगत्वी इथे १९७३ मध्ये एका थडग्यात रेशमावर रंगवलेला तक्ता सापडला. त्यात व्यायाम करणारी ४४ माणसं दाखवली आहेत. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ मधलं आहे. त्या काळी अशा अभ्यासाला 'दाओयिन' म्हणत, म्हणजे ताणणं आणि वाट दाखवणं. 'छीगोंग' हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो १९५० च्या दशकात. हबेइ प्रांतात ल्यू क्वेइजेन यांनी श्वास आणि ध्यानाची जुनी पद्धत रुग्णांवर वापरायला सुरुवात केली आणि पुढे बेइदाइहे इथे त्यासाठी स्वतंत्र आरोग्यधाम उभं राहिलं.

ताई ची ही मुळात युद्धकला आहे. तिचा लांबलचक क्रम असतो, त्यात पावलं टाकत जागा बदलावी लागते आणि पुढची हालचाल आठवण्यातच पहिले काही महिने जातात. छीगोंगमध्ये बहुतेक वेळा जागेवरच उभं राहून एकच हालचाल सहा-आठ वेळा करायची असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यापासूनच लक्ष श्वासाकडे देता येतं.

२००३ मध्ये चीनच्या क्रीडा प्रशासनाने चार पारंपरिक संच एकसारखे करून प्रसिद्ध केले : बादुआनजिन म्हणजे रेशमी किनखापाचे आठ तुकडे, वू छिन शी म्हणजे पाच प्राण्यांचे खेळ, ल्यू त्झ च्वे म्हणजे सहा ध्वनी, आणि यी जिन जिंग म्हणजे स्नायुबंध बदलणारा संच. नवशिक्याने बादुआनजिन घ्यावं. आठच हालचाली, साधारण बारा मिनिटं, उभं राहण्यापुरती जागा आणि उपकरण काहीही नाही. पाच प्राण्यांचा संच सुंदर आहे, पण त्यातली पक्ष्याची आणि माकडाची हालचाल चांगला तोल असल्याशिवाय नीट जमत नाही.

प्रश्न : बादुआनजिनच्या आठही हालचाली क्रमाने, कुठे काय चुकतं ते धरून सांगाल का? चित्रफितीत सगळं सोपं दिसतं, करताना गोंधळ होतो.

आधी उभं राहणं. पावलं खांद्याइतक्या अंतरावर आणि एकमेकांना समांतर ठेवा. बहुतेकांचे चवडे नकळत बाहेर वळलेले असतात, म्हणून एकदा खाली बघून ते सरळ करा. गुडघे कुलूपबंद न ठेवता किंचित सैल सोडा. माकडहाड जमिनीकडे लोंबतंय असं धरा, म्हणजे कंबरेची पोकळी थोडी भरते. हनुवटी बोटभर आत. चिनी शिक्षक या स्थितीला 'सुंग' म्हणतात. सुंग म्हणजे सैल, पण ढेपाळलेलं नव्हे. ओलं धोतर दोरीवर वाळत घातलेलं असतं, तसं शरीर डोक्याच्या टाळूवरून खाली सुटलेलं असावं. हे जमलं नाही तर पुढच्या आठही हालचाली खांद्यांच्या जोरावर होतात आणि मान आखडते. म्हणून पहिले तीन-चार दिवस नुसतं असं दोन मिनिटं उभं राहिलात तरी ते वाया जात नाही.

पहिली हालचाल : दोन्ही हातांनी आकाश पेलणं. ओटीपोटापुढे बोटं एकमेकांत गुंतवा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे उलटे फिरवून डोक्यावर ढकला. नजर हातांकडे जाते, मग हनुवटी आत घेऊन समोर पाहायचं. दोन सेकंद ताण धरा, श्वास सोडत हात बाजूंनी खाली आणा. सहा वेळा. इथली नेहमीची चूक म्हणजे हात वर नेताना बरगड्या पुढे काढून कंबर मागे वाकवणं. असं झालं की ताण छातीच्या मागच्या मणक्यांऐवजी कंबरेच्या खालच्या मणक्यांवर पडतो. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर तसंच राहू द्या, पण कंबर वाकवू नका.

दुसरी : धनुष्य ओढणं. डावं पाऊल बाजूला टाकून रुंद उभं राहा, मनगटं छातीपुढे एकमेकांवर ठेवा, मग गुडघे वाकवा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून तो बाजूला ढकला, उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वाकवून तो खांद्यापाशी ओढा. नजर डाव्या तर्जनीच्या पलीकडे. तीन डावीकडे, तीन उजवीकडे, एकाआड एक. ओढणाऱ्या हाताची कोपर खाली पडते आणि खांदा कानापर्यंत चढतो, तेवढं सांभाळा. खवाटे एकमेकांकडे सरकल्याचं पाठीत जाणवलं पाहिजे. दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्यांसाठी आठांतली सर्वांत उपयोगी हालचाल हीच, असं आमचं मत आहे.

तिसरी साधी आहे. एक तळवा डोक्यावर ढकला, दुसरा कंबरेच्या बाजूला खाली दाबा, दोन्ही एकाच वेळी. प्रत्येक बाजूने तीनदा. वरचा हात कानाच्या पुढेच ठेवा. खांद्याचा सांधा जखडलेला असेल तर कपाळापर्यंत नेलात तरी पुरे.

चौथी : मागे वळून बघणं. हात शरीरापासून थोडे दूर, तळवे हळूहळू बाहेर फिरवत मान डावीकडे वळवा आणि खांद्यावरून मागे पाहा. धड जागेवरच राहतं, वळते ती फक्त मान. प्रत्येक बाजूने तीनदा. मान वळवताना चक्कर येत असेल किंवा हातात कळ जात असेल तर तेवढ्यावर थांबा.

पाचवी हालचाल सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त चुकीची केली जाणारी. रुंद उभं राहून गुडघे वाकवायचे, हात मांडीवर, धड एका बाजूला झुकवून खालून दुसऱ्या बाजूला फिरवायचं आणि त्याच वेळी माकडहाड उलट दिशेला झुलवायचं. शेवटी डोकं मागून गोल येतं. पहिला महिनाभर डोकं मागे टाकूच नका. धड डावीकडून उजवीकडे हळू झुलवणं एवढंच करा. मान मागे टाकून फिरवली की वयस्कांना भोवळ येते, आणि त्या क्षणी ते रुंद, वाकलेल्या पायांवर उभे असतात.

सहावी : हातांनी पाय गाठणं. हात वर नेऊन खाली आणा, काखेखालून पाठीकडे न्या, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी, नितंबांवरून, मांड्या-पोटऱ्यांच्या मागून घोट्यांपर्यंत घासत उतरा. वर येताना आधी हात पुढे लांबवायचे आणि त्यांच्या मागोमाग धड उचलायचं. सहा वेळा. मूळ पद्धतीत गुडघे सरळ असतात. तुमच्या मांडीची मागची शीर आखूड असेल तर गुडघे वाकवा, नाहीतर सगळी वाकण कंबरेतून होते. मणक्याची चकती सरकलेली असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा काचबिंदू असेल तर हात गुडघ्यांपर्यंतच न्या आणि पाठ सरळ ठेवून नितंबांच्या सांध्यातून झुका.

सातवी : मुठी आवळून डोळे वटारणं. अंगठा आत घेऊन मुठी कंबरेशी, रुंद उभं राहून एक मूठ हळू पुढे न्या, डोळे मोठे करा, मग मूठ उघडून मनगट फिरवा, पुन्हा मूठ करून मागे ओढा. प्रत्येक हाताने तीनदा. हा ठोसा नाही, त्याचा वेग चिखलातून हात पुढे नेल्यासारखा असावा. मूठ आवळताना श्वास कोंडला जातो. रक्तदाब असलेल्यांनी इथे तोंडाने सावकाश श्वास सोडत राहावं.

आठवी : टाचा उचलून सोडणं. चवड्यांवर उभं राहा, टाळू वर ओढली जातेय असं धरून दोन सेकंद थांबा आणि टाचा हलक्या धक्क्याने खाली टेकवा. ही मात्र सात वेळा, कारण तिच्या चिनी नावातच सातचा आकडा आहे. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून सगळं उभं राहून झाल्यावर ही शेवटी येणं योग्यच आहे. टाचदुखी किंवा मणक्याचं हाड मोडल्याचा इतिहास असेल तर धक्का न देता टाच अलगद टेकवा.

शेवटी दोन्ही तळवे एकावर एक ओटीपोटावर ठेवून एक मिनिट शांत उभं राहा. त्याला 'शोउ गोंग' म्हणतात, म्हणजे आवरतं घेणं. घाईत लोक हेच वगळतात. पण नाडी आणि श्वास मूळ गतीला येईपर्यंत थांबलं नाही तर लगेच चालायला लागल्यावर डोकं हलकं वाटतं.

प्रश्न : दोन आठवडे रोज केलं आणि गुडघे दुखू लागले. सोडून द्यावं का?

सोडू नका, पण आजपासून गुडघे निम्मेच वाकवा. छीगोंगमध्ये दुखापत होते ती बहुतेक वेळा गुडघ्याचीच, आणि कारण ठरावीक असतं. दुखतं कुठे त्यावरून ते ओळखता येतं.

समोर, वाटीच्या खाली दुखत असेल तर तुम्ही गुडघे पुढे ढकलून खाली बसताय. नितंब मागे नेऊन बसा, मागे स्टूल आहे आणि त्याच्या कडेला टेकायचंय असं समजून. आतल्या बाजूला दुखत असेल तर गुडघे एकमेकांकडे कलताहेत. उभ्या स्थितीत वाकून खाली पाहा : पायाचा अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दिसला पाहिजे. तो झाकला गेला तर गुडघा आत पडलाय. गुडघ्याची रेघ पायाच्या दुसऱ्या बोटावर आली की बरोबर. तिसरं कारण म्हणजे पावलावर पूर्ण वजन असताना शरीर वळवणं. पाऊल जमिनीला चिकटलेलं राहतं, मांडी वळते आणि सगळा पीळ मधल्या सांध्यात जातो. वळायचं असेल तर आधी त्या पायावरचं वजन काढून घ्या, पाऊल फिरवा, मग वजन टाका.

मांडीचा पुढचा स्नायू थकणं, थरथरणं चांगलं लक्षण आहे. सांध्यातली कळ वेगळी. ती दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच असेल तर आदल्या दिवशी प्रमाण जास्त झालं, असा सरळ हिशेब ठेवा. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला तर मात्र अस्थितज्ज्ञाला दाखवेपर्यंत हा अभ्यास बंद.

गुडघ्यांची झीज असलेल्यांनी निराश होऊ नये. अशा गुडघ्यांना नीट वजन पेलणारे मंद व्यायाम मानवतात, फक्त खोल बसणं वर्ज्य.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी सुरू आहे. छीगोंगने रक्तदाब उतरतो असं वाचलं. गोळी बंद करता येईल का?

स्वतःच्या मनाने नाही. काहीही न करणाऱ्यांच्या तुलनेत छीगोंग करणाऱ्यांचा रक्तदाब उतरतो असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण चालणं, सायकल अशा दुसऱ्या व्यायामांच्या किंवा औषधांच्या तुलनेत ते सरस ठरतं असा आधार नाही, आणि बऱ्याच चाचण्या लहान आहेत. तेव्हा ही गोळीला जोड आहे. काही महिने नियमित करून घरचे आकडे सातत्याने कमी येत असतील तर ती नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करायची की नाही ते त्यांनी ठरवायचं.

मोजताना एक चूक फार होते. अभ्यास संपल्या संपल्या मोजलं की आकडा सुखद दिसतो, पण तो दिवसभराचा नसतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, न बोलता मोजा. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

उतरण्याचा धोकाही लक्षात ठेवा. लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या किंवा प्रोस्टेटसाठीची काही औषधं घेणाऱ्यांना वाकून वर आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. सहावी हालचाल त्यांनी अर्धीच करावी आणि वर येताना पूर्ण श्वासाइतका वेळ घ्यावा. छातीत दुखणं किंवा धाप लागून बोलता न येणं ही थांबण्याची चिन्हं आहेत.

प्रश्न : श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा यातच मी अडकते. शिवाय पाच मिनिटांत डोकं गरगरतं आणि ओठांभोवती मुंग्या येतात.

तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेताय. खोल श्वास म्हणजे मोठा श्वास अशी समजूत असते, आणि हालचाल मंद असताना शरीराला एवढ्या हवेची गरजच नसते. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं गरगरतं आणि ओठ-बोटांना मुंग्या येतात. थांबा, बसा, नाकाने लहान आणि सावकाश श्वास घ्या. दोन-तीन मिनिटांत उतार पडतो.

पुढचे दोन आठवडे श्वासाकडे बघूच नका. हालचाल तेवढी करा. नंतर एकच नियम धरा : अंग उघडतं किंवा हात वर जातात तेव्हा श्वास आत, अंग मिटतं किंवा हात खाली येतात तेव्हा बाहेर. हालचाल श्वासापेक्षा लांब असेल तर मध्ये आणखी एक श्वास घ्या, त्यात काही बिघडत नाही. श्वास नेहमी हालचालीपेक्षा थोडा आधी संपतो, म्हणून लोक तो कोंडून ठेवतात. ते टाळा.

पोटाने श्वास येतो की नाही हे उताणं झोपून तपासा. एक हात छातीवर, दुसरा नाभीखाली चार बोटांवर ठेवा. खालचा हात आधी उचलला गेला पाहिजे. ही जागा म्हणजेच चिनी ग्रंथांतलं खालचं दानत्येन, म्हणजे छी साठते असं मानलेलं केंद्र. श्वास घेताना पोट आत ओढण्याची उलटी पद्धतही छीगोंगमध्ये आहे, ती शिक्षकाशिवाय करू नये.

प्रश्न : मला दम्यासारखा फुप्फुसांचा जुना आजार आहे. सहा ध्वनींचा संच फुप्फुसांना चांगला म्हणतात, ते खरं का?

उपयोग आहे, पण कारण ध्वनीत कमी आणि ओठांत जास्त आहे. ताओ होंगजिंग या इसवी सन ४५६ ते ५३६ या काळातल्या वैद्याच्या लेखनात हे सहा ध्वनी येतात. परंपरेनुसार 'शू' यकृताचा, 'ह' हृदयाचा, 'हू' प्लीहेचा, 'स्स' फुप्फुसांचा, 'च्वेइ' मूत्रपिंडांचा आणि 'शी' तीन भट्ट्यांचा, म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेल्या धडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांचा. ही जोडणी त्या वैद्यकाच्या सिद्धान्तातली आहे, शरीरशास्त्रातली नाही.

शरीरात घडतं ते असं. ओठ किंवा दात आवळून हवा लांबवत सोडली की श्वासनलिकांमध्ये मागे थोडा दाब टिकतो. आजाराने सैल झालेल्या बारीक नळ्या त्या दाबामुळे मिटत नाहीत आणि अडकलेली शिळी हवा बाहेर पडते. श्वासाच्या रुग्णांना ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायला शिकवतात, त्याचंही कारण हेच. 'स्स' आणि 'हू' या दोन ध्वनींपासून सुरू करा, प्रत्येकी सहा वेळा, आत घेण्याच्या जवळपास दुप्पट वेळ सोडण्यात जाईल असं. आवाज मोठा नको, शेजारच्याला ऐकू येणार नाही इतका पुरतो. शेवटचा थेंब पिळून काढल्यासारखी हवा बाहेर ढकलू नका, त्याने खोकला सुटतो. इनहेलर जवळ असू द्या, आणि तो बंद करण्याचा विचार यात आणू नका.

प्रश्न : आईचं वय ७२ आहे. ती गेल्या वर्षी पडली होती. तिला सुरू करून द्यावं का?

जरूर. आईंना यातून सर्वांत जास्त मिळण्यासारखं आहे. वय वाढतं तसं पाय आणि मेंदू यांच्यातला निरोप मंदावतो, तोल गेल्यावर पाऊल टाकायला उशीर होतो. वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेणं हा त्यावरचा थेट सराव आहे. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम करावा अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे.

पण पडण्याचं कारण आधी शोधा. नजर, नवी औषधं, उठल्यावर रक्तदाब उतरणं, पायांची बधिरता यांपैकी काही असेल तर ते आधी. मग पहिला महिना बिनचाकी, भक्कम खुर्चीवर बसून पहिली चार आणि सातवी हालचाल. दुसऱ्या महिन्यात भिंतीशी पाठ करून, पुढे खुर्चीची पाठ हाताशी ठेवून उभं राहणं. आठवीतल्या टाचा उचलताना दोन्ही हातांनी खुर्ची धरायची. पाचवी आणि सहावी त्यांच्यासाठी वगळाच. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर करू देऊ नका. एकतर अनवाणी, नाहीतर पातळ सपाट तळव्याचे बूट. पायांना बधिरता असेल तर बूटच.

प्रश्न : करताना तळहात गरम होतात, बोटांत काहीतरी वाहतंय असं वाटतं. ही 'छी' का?

परंपरा तसंच म्हणेल. शरीराच्या बाजूने पाहिलं तर मन शांत झालं की हाताच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि तळवा तापतो. शिवाय ज्या भागाकडे आपण लक्ष देतो तिथल्या संवेदना एरवीपेक्षा ठळक जाणवतात. म्हणून ती जाणवली तर सुंग बरोबर जमतंय अशी खूण समजा, आणि नाही जाणवली तरी फायदा कमी होत नाही. तिच्या मागे लागू नका. तिच्या मागे लागणारे हात ताणून धरतात आणि नेमकी तीच ऊब जाते.

प्रश्न : एका शिबिरात तासन्‌तास उभं राहायला लावलं. आता अंग आपोआप हलतं, झोप उडाली आहे, डोक्यात काहीतरी चढल्यासारखं वाटतं. शिक्षक म्हणतात, ही प्रगती आहे.

ही प्रगती नाही. आजच अभ्यास थांबवा.

चिनी परंपरेतच अशा बिघाडाला जुनं नाव आहे, 'झोउ ह्वो रू मो', म्हणजे आग भडकून मन भरकटणं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीच्या १९९४ च्या आवृत्तीतही छीगोंगनंतर येणाऱ्या मनोविकाराची नोंद होती. अतिरेकी सराव, कमी झोप, उपवास, दानत्येनवर किंवा डोक्यावर बळजबरीने लक्ष खिळवणं, आणि आपोआप होणाऱ्या हालचालींना मुद्दाम चालना देणं हे सगळं एकत्र आलं की धोका वाढतो. ज्यांना पूर्वी मनोविकाराचा झटका आला आहे त्यांच्यात विशेष.

नियमित जेवण, झोप, घरातली साधी कामं आणि डोळे उघडे ठेवून चालणं सुरू करा. लक्ष टाळूकडे न नेता पावलांकडे न्या. चार-पाच दिवसांत झोप आली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आवाज ऐकू येणं, कुणी आपल्यावर ताबा मिळवतंय असं वाटणं, स्वतःला इजा करण्याचा विचार यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका. जाताना शिबिराबद्दल सगळं सांगा, लपवू नका.

नुसतं उभं राहण्याची जान च्वांग ही पद्धत एरवी चांगली आहे. गोल मिठी मारल्यासारखे हात छातीपुढे धरून दोन मिनिटांपासून सुरू करायचं आणि आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. निश्चल उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतं आणि घेरी येऊ शकते, म्हणून मधूनमधून वजन टाचेवरून चवड्यावर हलवत राहावं.

प्रश्न : दूर बसून ऊर्जा पाठवून कर्करोग बरा करणारे छीगोंग गुरू असतात का?

नाही. चीनमध्ये १९८० आणि १९९० च्या दशकांत छीगोंगची मोठी लाट आली, तेव्हा असे दावे भरपूर झाले. ते तपासणीत टिकले नाहीत. कर्करोगाच्या उपचारांत येणारा थकवा, बिघडलेली झोप आणि खचलेलं मन यांवर रुग्णाने स्वतः केलेल्या मंद छीगोंगचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. गाठ त्याने विरत नाही. उपचार पुढे ढकलायला सांगणाऱ्या माणसापासून दूर राहा. हाडांत आजार पसरलेला असेल तर पिळाच्या आणि धक्क्याच्या हालचालींआधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : रोज किती वेळ, कधी, आणि फरक कधी दिसेल? वजन उतरेल का?

पहिला महिना दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. नंतर संच दोनदा करून तीस मिनिटांपर्यंत. जेवणानंतर किमान एक तास जाऊ द्या. वेळ सकाळची की संध्याकाळची यापेक्षा ती ठरलेली असणं महत्त्वाचं. झोपेसाठी करत असाल तर रात्री सातवी आणि आठवी वगळा.

झोप आणि खांद्यांची आखड यांत फरक दोन-तीन आठवड्यांत कळू शकतो. तोल आणि गुडघे यांना आठ ते बारा आठवडे द्या. वजनाच्या बाबतीत अपेक्षा ठेवू नका. बादुआनजिनमध्ये ऊर्जा फार खर्च होत नाही, आणि प्रौढांना आठवड्याला सांगितलेल्या १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची जागा ते एकटं घेऊ शकत नाही. झपझप चालणं चालू ठेवा, आणि चालून आल्यावर घाम वाळला की बादुआनजिन करा. तेव्हा स्नायू तापलेले असल्याने सहाव्या हालचालीत हात दोन बोटं तरी जास्त खाली पोहोचतात.